स्पर्धकाच्या दारी

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एका वाचक भगिनींचा दूरध्वनी आला. झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरून देणे, असा त्यांचा लहानसा व्यवसाय सात वर्षांपासून नीट चालला होता. दिवाळीनंतर अगदी समोरच्या गाळ्यात तेच काम करणारे दुसरे दुकान उघडले. ह्यांचा दर एका प्रतीस दोन रुपये, तर समोर दीड रुपयाची पाटी लागली. ह्यांनी सव्वा रुपया केला. “काका, आता त्यांनी एक रुपया केला आहे. मी काय करू? आणि रोज सकाळी शटर उघडताना आम्ही दोघी समोरासमोर येतो, तेव्हा मान कोणीकडे वळवू?”

दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा अधिक खरा वाटला. फोनवर मी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. परंतु ते द्यायचे तर माझीच एक चूक सांगावी लागली असती, आणि अनोळखी भगिनीला ती फोनवर सांगण्याचे धैर्य झाले नाही. कागदावर ते थोडे सोपे जाते, म्हणून आज ह्या सदरातून लिहितो.

आमचा छापखाना सांगलीच्या गणपती पेठेत आहे. वडिलांनी १९७४ साली एका ट्रेडल यंत्रावर तो सुरू केला. शिशाचे खिळे, लाकडी केसेस, आणि कामे म्हणजे हळदीच्या अडत्यांच्या पट्ट्या, पावतीपुस्तके, लग्नपत्रिका. छापखाना हा वस्तू विकण्याचा धंदा नव्हे, असे वडील वारंवार सांगत. मजकूर ग्राहकाचा, पुष्कळदा कागदही ग्राहकाचा. आपले काय, तर वेळ, नजर आणि हात. त्यांच्या हाताखाली जुळारी म्हणून एक होतकरू तरुण तयार झाला. चौदा वर्षे त्याने आमच्याकडे काढली आणि १९८८ साली विश्रामबागेत स्वतःचा छापखाना थाटला. सारे गाव त्यांना आप्पा म्हणते. मीही येथे तेच म्हणेन.

हाताखालचा माणूस शिकून स्वतंत्र झाला की मालकाच्या मनाला जे लागते, त्याला व्यवहाराच्या भाषेत नाव नाही. वडील त्याला विश्वासघात म्हणत. आज वाटते, तो शब्द फार मोठा होता. आप्पांनी जाताना आमची ग्राहकांची वही नेली नव्हती. नेले ते हातातले कसब, आणि ते तर त्यांचेच होते.

तरीही पुढची अठरा वर्षे नमस्कार-चमत्कार तेवढा टिकून होता. तो तुटला एका पतसंस्थेच्या पावतीपुस्तकांवरून. संस्था दरवर्षी मार्चअखेरीस दरपत्रके मागवी. २००६ साली आमचा दर एका पुस्तकास ३८ रुपये होता. आप्पांनी ३५ दिला. पुढच्या वर्षी आम्ही ३१ केला. मग त्यांनी २८ आणि आम्ही २४. कागद, शाई, बांधणी आणि वीज धरून एक पुस्तक आम्हाला २६ रुपयांना पडत होते. पाच हजार पुस्तकांचे काम होते, म्हणजे ‘काम आपल्याकडेच राहिले’ ह्या समाधानासाठी त्या वर्षी आम्ही दहा हजार रुपये पदरचे मोजले. त्यानंतर संस्थेने संगणकीय पावत्या सुरू केल्या आणि ते काम दोघांच्याही हातून गेले. अबोला मात्र राहिला. तो एकूण अकरा वर्षे टिकला.

ह्या अकरा वर्षांत दर भाद्रपदात आम्ही समाजबांधवांच्या क्षमापना पत्रिका हजारोंनी छापत होतो. कळत-नकळत मन दुखावले असल्यास क्षमा असावी, हा मजकूर मला इतका पाठ होता की त्यातली शुद्धलेखनाची चूक मी झोपेतही काढली असती. विश्रामबागेतही तेच काम चाले. दोन्ही छापखान्यांनी एकमेकांना मात्र एकही पत्रिका कधी धाडली नाही.

अबोला सुटला तो कोणाच्या मध्यस्थीने नव्हे, तर वस्तू व सेवा कराने! व्यापारी वाचकांना १ जुलै २०१७ चे ते दिवस आठवत असतीलच. प्रत्येकाची जुनी बिलपुस्तके एका रात्रीत निरुपयोगी झाली होती. नव्या बिलावर नोंदणी क्रमांक हवा, केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा दाखवणारे रकाने हवेत, आणि मालाच्या विक्रीसाठी तीन प्रती हव्यात: मूळ प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी विक्रेत्याची. शिवाय प्रत्येक बिलाचा क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असला पाहिजे. छपाई भराभर होई, पण सारे काम क्रमांक टाकण्याच्या यंत्रापाशी येऊन तुंबे. अशातच एका रात्री साडेनऊला आप्पांचा फोन आला. अकरा वर्षांनंतर पहिले वाक्य काय असावे? “तुमचे नंबरिंग मोकळे आहे का? आमचे बिघडले आहे.”

मोकळे नव्हते. तरी मी “पाठवा” म्हणालो. का म्हणालो, हे आजही नीट सांगता येत नाही. कदाचित त्या आवाजातली थकवा आलेली निकड माझ्याच घरची वाटली असेल. पहाटे तीनपर्यंत आम्ही त्यांची चारशे पुस्तके करून दिली. सकाळी त्यांचा मुलगा न्यायला आला आणि म्हणाला, “बाबांनी बिल मागितले आहे. घरगुती नको, पक्के द्या.” मला ते क्षणभर रुक्ष वाटले. नंतर उमगले की ह्या एका वाक्यात पुढच्या साऱ्या संबंधांचा पाया होता. उपकार केला असता तर तो मला मिरवता आला असता आणि त्यांना वागवावा लागला असता. बिल झाले, पैसे आले, कराची वजावट त्यांना मिळाली, आणि दोघेही मोकळे राहिलो. तेव्हापासून एकमेकांचे काम करायचे ते ठरलेल्या दराने, बिलासह आणि महिन्याच्या आत पैसे देऊन, हा रिवाज पडला. मैत्रीत हिशोब कशाला, असे म्हणणारे बहुधा देणेकरी असतात.

एकमेकांना पाण्यात पाहण्याची आमची जुनी सवय अशी सुटू लागली होती, तोच २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी खरेच आले. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. २००५ च्या महापुराची खूण आमच्या भिंतीवर होती आणि कागदाचे गठ्ठे आम्ही शहाणपणाने त्या खुणेच्या वर रचून ठेवले होते. पाण्याने ती खूण मानली नाही. आठवड्यानंतर शटर उघडले तेव्हा कागदाच्या रिमा फुगून एकमेकांत अडकल्या होत्या आणि दोनरंगी ऑफसेट यंत्र काळ्या गाळात उभे होते. पर्युषण पंधरा दिवसांवर आले होते. सहा हजार क्षमापना पत्रिकांच्या मागण्या घेतल्या होत्या, कित्येकांची आगाऊ रक्कमही आली होती.

विश्रामबाग उंचावर असल्याने आप्पांचा छापखाना वाचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन कामगार आणि डिझेलचा कॅन घेऊन दारात उभे राहिले. वडील पायरीवर बसले होते. एकतीस वर्षांपूर्वी सोडून गेलेला माणूस समोर पाहून ते काही बोलेनात. आप्पा म्हणाले, “मालक, यंत्र उघडूया. आज उघडले नाही, तर बेअरिंगे धरतील.” वडील म्हणाले, “ये. बसायला खुर्ची नाही.” आप्पांनी पँट दुमडली आणि आत शिरले. चार दिवस त्यांनी आमच्या यंत्राचा एकेक रोलर काढून डिझेलने धुतला. मोटार गुंडाळायला त्यांनीच मिरजेला पाठवली. आणि आमच्या सहा हजार पत्रिका त्यांच्या यंत्रावर रात्रपाळीत छापल्या गेल्या.

पत्रिकांच्या तळाशी मुद्रक म्हणून नाव कोणाचे घालायचे, असे मी विचारले. “ग्राहक तुमचे. मला बिल दिले की झाले,” असे म्हणून त्यांनी तो विषय संपवला. पण पुढच्या महिन्यात हा प्रश्न इतका सोपा राहिला नाही. २१ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान होते आणि आमचे यंत्र अजून उभे राहिलेले नव्हते. निवडणुकीच्या पत्रकांवर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार सक्तीचे आहे. प्रकाशकाचे प्रतिज्ञापत्र घ्यावे लागते आणि पत्रकाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावी लागते. छापणार आप्पा, तर नाव त्यांचेच जाणार. म्हणजे आमचे पिढीजात ग्राहक हातात पत्रक घेऊन वाचणार की हे काम विश्रामबागेत झाले! मी अस्वस्थ होतो. आप्पांच्या ते लक्षात आले असावे. त्या ग्राहकांपैकी दोघांनी पुढे त्यांना थेट विचारले, तेव्हा त्यांनी “गणपती पेठेतले यंत्र सुरू झाले आहे, तिकडेच जा” असे सांगून परत पाठवले. हे मला त्या ग्राहकांकडून कळले. आप्पांकडून कधीच नाही.

आता माझी चूक सांगतो.

२०२१ च्या अखेरीस आप्पांकडे काम फार झाले, म्हणून त्यांनी एका वाहन दुरुस्ती केंद्राची जॉबकार्डे आमच्याकडे छापायला दिली. गठ्ठे त्यांच्याकडे जायचे ते घाईत आमच्याच गाडीतून थेट ग्राहकाकडे गेले. आठ दिवसांनी त्या केंद्राच्या व्यवस्थापकांचा मला फोन आला: थेट तुम्हीच दिले तर दर काय पडेल? मी एक रात्र विचार केला. खरे तर त्या विचारात विचार फारसा नव्हता. मनाने आधीच घेतलेल्या निर्णयाला कारणे शोधणे चालले होते. ग्राहक स्वतंत्र आहे. मी तर मागायला गेलो नव्हतो. आपण नाही घेतले तर तिसरा घेईल. ही तिन्ही वाक्ये खरी होती. सकाळी मी दहा टक्के कमी दर कळवला आणि काम घेतले.

सांगलीत बांधणीची कामे मोजक्याच ठिकाणी होतात. तीन महिन्यांनी आप्पांनी आमच्या बाइंडरकडे ती जॉबकार्डे पाहिली. ते मला काही बोलले नाहीत. फक्त त्यांचे फोन थांबले. नंबरिंग येईना, कटिंग येईना, रात्री साडेनऊला कोणी काही विचारेना. भांडण झाले असते तर बरे, असे मला वाटू लागले, कारण भांडणात निदान दोघांच्या चुका असतात. वडिलांना मी काही सांगितले नव्हते, पण छापखान्यात काय येते आणि काय येत नाही हे त्यांच्या कानांना कळते. एके दुपारी त्यांनी विचारले, “आप्पा का येत नाही?” मी सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, “त्याने गाळ उपसला तेव्हा दर विचारला होता का?”

भाद्रपद यायला अवकाश होता. पत्रिकेची वाट न पाहता मी दुसऱ्या दिवशी भर दुपारी विश्रामबागेत गेलो. यंत्र चालू होते, त्यामुळे जे बोलायचे ते मोठ्याने बोलावे लागले आणि कामगारांनी ऐकले. ते योग्यच झाले, कारण त्यांचेही काम मी काढून घेतले होते. आप्पांनी यंत्र थांबवले आणि चहा सांगितला. म्हणाले, “काम गेल्याचे काही नाही, कामे जातात-येतात. पण मला बाइंडरकडे कळावे? एक फोन केला असता तर मीच म्हणालो असतो, घ्या.” त्यांनी तसे खरोखर म्हटले असते का, हे मी अनेकदा मनाशी तपासले आहे. म्हटले नसतेच, असे म्हणवत नाही. पुढच्या खेपेला मी व्यवस्थापकांना जुना दर कळवला आणि आप्पांकडे जाण्यास सुचवले. ते आप्पांकडे गेले नाहीत, माझ्याकडेही राहिले नाहीत; मिरजेच्या तिसऱ्याच छापखान्यात गेले. चुकीची दुरुस्ती दर वेळी हिशोबात बसतेच असे नाही.

आपल्या वाचकांत सनदी लेखापाल बरेच आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. त्यांच्या १९४९ च्या कायद्यात अशी तरतूद आहे की दुसऱ्या सनदी लेखापालाकडे असलेले लेखापरीक्षणाचे काम स्वीकारण्यापूर्वी त्याला लेखी कळवलेच पाहिजे. न कळवता घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. हे कळवणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे. ग्राहकाचे स्वातंत्र्य अबाधित राहते, आणि आधीच्या माणसाला ही बातमी बाजारातून नव्हे तर थेट कळते. शिवाय त्या ग्राहकात काही खोट असेल तर तीही वेळेवर समजते, हा लाभ वेगळाच. आम्हा मुद्रकांना असा कायदा नाही, पण त्या दुपारनंतर आप्पांनी आणि मी तो स्वतःला लावून घेतला आहे. एकाचा ग्राहक दुसऱ्याकडे आला, तर काम हाती घेण्यापूर्वी एक फोन. आणि जे काम एकमेकांच्या हातून आले, त्या ग्राहकाला स्वतंत्र दर द्यायचाच नाही.

ह्या मैत्रीला एक कुंपणही हवे, हे मात्र आग्रहाने सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेने उत्तरपत्रिका छापण्याची निविदा काढली, तेव्हा आमच्या एका व्यवसायबंधूंनी सुचवले: आपण चौघे बसून ठरवू, ह्या वर्षी एकाने कमी दर भरायचा, पुढच्या वर्षी दुसऱ्याने. वरवर हा सलोखाच दिसतो. परंतु स्पर्धा कायदा, २००२ च्या तिसऱ्या कलमानुसार स्पर्धकांनी आपसात दर ठरवणे, ग्राहक किंवा प्रदेश वाटून घेणे आणि निविदेत संगनमत करणे निषिद्ध आहे. अशा संगनमतास प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, ह्यांपैकी जे अधिक असेल तितक्या रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी त्या उत्तरपत्रिकांचे जादा पैसे शेवटी विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनच निघणार होते. आप्पा आणि मी त्या बैठकीला गेलो नाही. निविदा वेगवेगळ्या भरल्या, एकमेकांना आकडे विचारले नाहीत. काम त्यांना मिळाले. मी दोन दिवस त्यांना फोन केला नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो; तिसऱ्या दिवशी आमची कटिंगची पाती बोथट झाली आणि मला करावाच लागला.

तेव्हा इचलकरंजीच्या भगिनींना माझे सांगणे असे. एक रुपयाची पाटी लावू नका. आधी एका रात्री बसून टोनर, कागद, यंत्राची देखभाल, वीज आणि गाळ्याचे भाडे धरून एक प्रत तुम्हाला कितीला पडते ते काढा. त्याखाली जाऊन मिळवलेला ग्राहक तुम्ही विकत घेतलेला असतो. मग समोरच्या दुकानात जा. दर ठरवायला नव्हे, तो विषयच काढू नका. तुमच्याकडे कोणते काम होत नाही ते सांगा आणि त्यांच्याकडे कोणते होत नाही ते विचारा. लॅमिनेशन, स्पायरल बांधणी, पासपोर्टचे फोटो, पॅनकार्डाचे अर्ज, ह्यांतले काहीतरी एकीकडे असेल आणि दुसरीकडे नसेल. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तुमचे इंटरनेट बंद पडेल, तेव्हा तुमच्या ग्राहकाला चार पावलांवर जाता आले पाहिजे. मात्र ग्राहकाची आधार-पॅनची कागदपत्रे त्याच्या संमतीविना त्या दुकानात जाऊ देऊ नका. प्रतिसाद लगेच येईलच असे नाही. आमच्याकडे अकरा वर्षे लागली, आणि त्यातली निदान पाच माझ्या अहंकाराची होती, कारण वडील थकल्यावर छापखाना मीच पाहत होतो.

आप्पा आता दर रविवारी सकाळी वडिलांना भेटायला येतात. खुर्च्या पुष्कळ आहेत, तरी ते वडिलांसमोर स्टुलावरच बसतात. दोघे जुन्या खिळ्यांविषयी बोलतात. कोणता जोडाक्षराचा खिळा कोणत्या खणात असे, ह्यावर अजून वाद घालतात. क्षमापना पत्रिकांची मागणी व्हॉट्सॲपमुळे सहा हजारांवरून चारशेवर आली आहे. इतक्या कमी प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही, म्हणून त्या मी आप्पांकडे पाठवतो. त्यांच्या मुलाने गेल्या वर्षी कर्ज काढून डिजिटल यंत्र घेतले आहे, आणि त्याच्या हप्त्यांत आमच्या कामाचा वाटा मोठा आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलाने तशाच यंत्राचे दरपत्रक आणून माझ्या टेबलावर ठेवले. त्याचा हिशोब बरोबर आहे. मी दोनदा तपासला. कागद अजून टेबलावरच आहे. येत्या रविवारी तो आप्पांना दाखवावा म्हणतो.